बोटभर चांगलं लाकूड

माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान सुतार. गिऱ्हाइकं त्यांना मिस्त्री म्हणतात, मी दाजी म्हणतो. गेली तीस वर्षं एकाच शेडमध्ये ते लाकूड कापतात आणि मी पॉलिश करतो, म्हणजे दोन हात मारतो आणि चार शिव्या खातो. दाजी नाकावर माशी बसू देणारे नव्हेत. भुसा मात्र त्यांनी खुशाल बसू दिला. मास्क लावला की लाकडाचा वास कळत नाही, हे त्यांचं शास्त्र. मला मात्र पॉलिश करताना मास्क सक्तीचा, कारण मी मेलो तर बहीण त्यांना जगू देणार नाही.

त्यामुळे उजवी नाकपुडी चोंदली तेव्हा निदान तयारच होतं: भुसा. रुमालावर रक्त दिसलं: उष्णता. मग गाल सुजला, वरची दाढ हलू लागली, तेव्हा दाढ उपटून आले आणि विषय संपवला. दुखणं अंगावर काढण्यात त्यांचा हात धरणारा कोणी नाही. दाढेची जखम दोन महिने भरली नाही, तेव्हा दातांच्या डॉक्टरनेच घाबरून त्यांना कान-नाक-घशाच्या डॉक्टरकडे पाठवलं. तिथे दुर्बीण घालून तुकडा काढला. रिपोर्टात कॅन्सर निघाला, नाकाशेजारी गालाच्या हाडात असलेल्या पोकळीतला, म्हणजे सायनसचा. जात स्क्वेमस.

"टिकाऊ जात आहे का?" दाजींनी विचारलं. सवयच ती.

सर्जन बाई त्यांच्या मुलीहून लहान. तिने पडद्यावर स्कॅन दाखवला. मानेतल्या गाठी स्वच्छ होत्या, ही चांगली बातमी. बाकीचं तिने सरळ सांगितलं. आधी ऑपरेशन: उजवा वरचा जबडा आणि टाळूचा अर्धा भाग काढायचा. मग सहा आठवडे किरणं, आणि रिपोर्ट पाहून गरज वाटली तर सोबत केमो. टाळूला पडणारं भोक प्लेट बसवून बुजवायचं. डोळा बहुतेक वाचेल, पण तो वाचवताना कॅन्सर मागे राहणार असेल तर डोळाही काढावा लागेल, आणि त्याची सही आधीच हवी.

दाजींनी घासाघीस सुरू केली.

"नाकातूनच दुर्बिणीने नाही का काढता येणार?"

"छोटा असता तर काढला असता, काका. हा टाळूत उतरलाय."

"मग नुसती किरणं?"

"ज्यांचं ऑपरेशन होऊच शकत नाही, त्यांना किरणं आणि केमो देतो. तुमचं होऊ शकतं. नुसत्या किरणांवर गेलात तर बरं होण्याची शक्यता कमी होते."

"बरं, मग खराब झालंय तेवढंच काढा. चांगलं कशाला कापता?"

डॉक्टर काही बोलणार, तेवढ्यात दाजी उठले. "विचार करून सांगतो." बाहेर आल्यावर ताईने विचारलं, "विचार कसला करायचाय?" ते म्हणाले, "बायकांना कळत नाही." घोडं कुठं पेंड खातंय ते आम्हालाही कळेना. आठवडा गेला. डॉक्टरचा दोनदा फोन आला. ताईने जेवण टाकलं. दाजी शेडमध्ये येऊन सुजल्या गालाने रंधा मारत बसले.

त्या आठवड्यात एक निवृत्त शिक्षिका दाराची चौकट घेऊन आल्या. खालून वाळवी लागली होती. म्हणाल्या, "मिस्त्री, पोखरलंय तेवढंच काढा हो. बाकी चांगलं आहे, उगाच कापू नका."

हे वाक्य तीस वर्षांत हजार गिऱ्हाइकांनी म्हटलं असेल, आणि प्रत्येकाला मिळतं तेच कीर्तन बाईंनाही मिळालं. "वाळवी काय पाटी लावून बसते का, की इथपर्यंत मी आणि इथून पुढे मालक? दिसतं त्याच्या पुढे बोटभर चांगलं लाकूड कापावंच लागतं. तिथे हात आखडला की वर्षाच्या आत सगळी चौकट..."

तिथे ते थांबले. लोका सांगे ब्रह्मज्ञान, ही म्हण माझ्या अगदी ओठांवर आली होती. मी ब्रश डब्यात बुडवून बसलो. बाई बिचाऱ्या म्हणाल्या, "बरं बरं, कापा बोटभर," आणि निघून गेल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी दाजींनी सही केली, डोळ्याचीही.

डोळा वाचला. काढलेल्या भागाच्या कडा तपासल्या, सगळ्या स्वच्छ निघाल्या. प्लेट काढली की मात्र दाजींचं बोलणं नाकातून वाहून जायचं आणि पाणी प्यायलं की नाकातून बाहेर यायचं. प्लेट जरा टोचत होती. डॉक्टरकडे जायचं सोडून या गृहस्थांनी शेडमध्ये येऊन ती पॉलिश पेपरने घासली. मन लावून, चारही बाजूंनी. मग ती बसेचना. प्लेट करणारा तंत्रज्ञ लाल झाला. "मिस्त्री, हे तुमचं खिडकीचं झडप आहे का?" नवी प्लेट यायला पाच दिवस लागणार होते. पाच दिवस दाजी गप्प बसले. पहिल्या दिवशी मला बरंच वाटलं. तिसऱ्या दिवशी शेड खायला उठली.

नवी प्लेट बसवली तेव्हा ताई आणि मी समोर होतो. तंत्रज्ञाने आधी घोटभर पाणी पाजून पाहिलं, नाकातून आलं नाही. मग म्हणाला, "बोला काहीतरी." मला वाटलं, आता त्याच्या कामातली खोट काढतील.

दाजी ताईकडे बघून म्हणाले, "तो आठवडा मी विचार करत नव्हतो गं. घाबरलो होतो."

शब्द अगदी स्पष्ट होते. ताई म्हणाली, "मला माहीत होतं," आणि पदराने त्यांच्या हनुवटीवरचं पाणी पुसलं.