आपली बॅग आपण बांधायची

हिराजी कुणाच्या सायकलजवळ आला की माणसाकडे बघत नसे, आधी कॅरियरवरच्या बॅगेकडे बघे. मग बॅगेला हात घालून तो अख्खी सायकलच उचलायचा आणि सूप पाखडावं तशी हलवायचा. बॅग जागची सरकली नाही तर "जा" म्हणायचा, सरकली तर सगळं सोडायला लावायचा. पहिल्यांदा त्याने माझी सायकल अशी हलवली तेव्हा मला भयंकर राग आला होता. ओळख ना पाळख, रोह्याच्या कंपनीत एका शिफ्टला होतो एवढंच. वर मलाच म्हणाला, "सायकल पडली तरी चालंल. सायकलीवरून बॅग पडली नाय पायजे."

तो पेणचा, रामवाडीत राहायचा. मूळ गाव खाडीकाठी, घरात पिढ्यान्‌पिढ्या मिठागराचं काम. मी रोह्याजवळ वरसेला. दर हिवाळ्यात कंपनीतले आम्ही चारपाच जण सायकलींवर सामान लादून किनाऱ्याने खाली श्रीवर्धन, हरिहरेश्वरकडे जायचो. आम्ही दुकानातून हुकवाल्या रंगीत दोऱ्या आणायचो, हिराजी जुन्या ट्यूबच्या पट्ट्या कापून आणायचा. "दुकानातला पट्टा दुकानातच घट्ट बसतो," हे त्याचं मत. जड सामान खाली, दोन्ही बाजूंना वजन सारखं, आणि पट्टीचं टोक दोनदा आत खोचलेलं. "मोकळं टोक म्हंजे चाकाला आवतान," असं तो दर वेळी सांगायचा आणि दर वेळी आम्ही हसायचो.

त्याचा एक नियम मात्र हसण्यावारी नेण्यासारखा नव्हता. आमच्या पहिल्याच सहलीत एकाने दुसऱ्याची बॅग बांधून दिली होती. उतारावर तिचा पट्टा चाकात गेला, तो बिचारा तोंडावर आपटला आणि पुढचे दात गेले. चूक कुणाची यावरून दोघांची अशी जुंपली की आजही ते कँटीनमध्ये पाठ फिरवून बसतात. तेव्हापासून हिराजीने सांगून टाकलं, "आपली बॅग आपन बांधायची. दुसऱ्यानं बांधली, का ती सहल हिशोबात धरायची नाय. तू मग मानूस नाय, पार्सल हायस."

पुढे कंपनीत त्याच्या हातून पाना निसटायला लागला. मग शर्टाची बटणं लागेनात. मुंबईच्या डॉक्टरांनी आजाराचं लांबलचक नाव सांगितलं, इलाज सांगितला नाही. हात जातील, मग पाय, मग बोलणं, असं त्यांनी त्याच्या तोंडावर सांगितलं. त्याने नोकरी सोडली. त्या हिवाळ्यात त्याचा फोन आला, "मी सामान लावून सायकलनं रोह्याला येतो. तुझ्याकडं एक रात वस्ती. शेवटची सहल म्हन."

मी म्हटलं, "ये की. पण सामान कशाला? मोकळाच ये."

"मोकळ्या सायकलनं मानूस भाजी आनायला जातो," तो म्हणाला.

त्याला एकट्याला कसं येऊ देणार? मी सायकल घेऊन आदल्या दिवशीच पेणला गेलो. सकाळी तो अंगणात बॅग बांधायला बसला. बोटांत पट्टी ठरेना, म्हणून ती दातांत धरून ओढत होता. त्याची बायको वनितावहिनी न राहवून पुढे आल्या, "मी धरू का जरा?"

"लांब रहा गो."

त्या आत गेल्या आणि उगाचच भांडी आपटत राहिल्या. ऊन डोक्यावर येऊ लागलं तेव्हा कुठे बॅग बांधून झाली.

महामार्गावरच्या खड्ड्यांतूनही ती नागोठण्यापर्यंत टिकली. मला तर वाटलं, जमवलं पठ्ठ्याने! तिथून आम्ही रोह्याच्या रस्त्याला लागलो आणि भिसे खिंडीच्या चढावर बॅग एका बाजूला कलली. हिराजी उतरला. पट्टी ओढायचा, ती बोटांतून सुटायची आणि सटकन गालावर बसायची. पुन्हा ओढायचा, पुन्हा तेच. गालावर लाल वळ उठले. मी दोन हात लांब उभा होतो, पुढे व्हायची माझी छाती होईना. त्याचं असं हरणं मला बघवत नव्हतं आणि तिथून हलताही येत नव्हतं. शेवटी त्याने पट्टी खाली टाकली.

"बांध," म्हणाला, आणि रस्त्याच्या कडेला माझ्याकडे पाठ करून बसला.

मी बांधली. स्वतःची कधी बांधली नसेल इतक्या निगुतीने बांधली. तो उठला आणि बॅगेकडे न बघताच सायकलवर बसला. वरसे येईपर्यंत मी एकटाच बडबडत होतो, पोचलो की नाही, जिंकलास की नाही, असं काहीबाही. रात्री माझ्या बायकोने त्याच्या आवडीचं वालाचं बिरडं केलं होतं, ते त्याने चमच्याने थोडंसं खाल्लं. सकाळी तो गाडीने पेणला गेला. सायकल नंतर टेंपोने पाठवून दे म्हणाला.

डॉक्टरांनी सांगितलं होतं त्याच क्रमाने सगळं झालं. मी अधूनमधून जायचो, पलंगाशेजारी बसून कंपनीतल्या चहाड्या सांगायचो. खिंडीचा विषय आम्ही दोघांनीही कधी काढला नाही. त्याचं बोलणं फक्त वनितावहिनींनाच कळायचं, नंतर नंतर त्यांनाही ओठांकडे बघून अंदाज बांधावा लागे. गेल्या वर्षी तो गेला. त्याआधी काही दिवस मी कंपनीच्या गेटवर असताना वहिनींचा फोन आला.

"भावजी, सकालपासून ह्यांचं एकच चाललंय. तुमाला इचारायला सांगतात. ती रोह्याची सहल धरायची का?"

"धरायची, वहिनी," मी म्हटलं. "धरायची म्हणजे धरायचीच! सांगा त्याला."

त्यांनी त्याच्या कानाशी मोठ्याने सांगितलेलं मला फोनवर ऐकू आलं. मग बराच वेळ नुसता पंख्याचा आवाज येत राहिला.

"मान हलवतात, भावजी," वहिनी म्हणाल्या. "नाय म्हनतात."