फोनमधल्या तारामतीबाई

विद्यानगरच्या आमच्या बिल्डिंगचा जिना चढताना तारामतीबाईंचा आवाज कानावर आला आणि मी पायरीवरच थांबले.

"अहो, चहा घ्या. मी पोळ्या लाटते."

घशाच्या ऑपरेशनात बाईंचं स्वरयंत्र काढल्याला वर्ष होत आलं होतं. शिवाय नवऱ्याला त्या कधीच 'अहो' म्हणाल्या नव्हत्या. सरळ 'उमाजी' म्हणायच्या. उभी नोकरी रेल्वेत, काचीगुड्याला सिग्नल दुरुस्तीवर. खांबावर चढून काम करायच्या. घरी पोळ्या उमाजीरावच लाटायचे.

बाईंच्या घरात गेले तर आवाज त्यांच्या नातीच्या, शर्वरीच्या फोनमधून येत होता. ऑपरेशनआधी मराठी शिकवणाऱ्या एका ॲपला बाईंनी आवाज दिला होता. "पोरीला ऐकायला तरी राहील," म्हणाल्या होत्या. आता त्या आवाजात मशीन हवं ते बोलायचं.

उमाजीराव उलथनं घेऊन बाहेर आले. "हाक मारलीस?" मग फोन दिसला तसे हसले. "ह्यातली लई गुणाची निघाली. मलाच कशी ही मिळाली?"

बाईंनी नॅपकिन फेकून मारला.

फोनने विचारलं, "आजी काय करते?" शर्वरीने सिग्नलच्या चित्रावर बोट ठेवलं.

"चूक, बाळा. आजी स्वयंपाक करते."

बाईंचाच लाडिक हेल. पोरीने पुन्हा सिग्नलच दाबला. "चूक, बाळा." मग बोट हळूच पोळपाटाकडे गेलं.

"शाब्बास."

शर्वरी आजीकडे वळली. "तू खांबावर चढायचीस, ते झूट होतं का गं?"

बाईंचे ओठ हलले. गळ्यावरचा रुमाल श्वासाने फुलला, बसला. बोलला तो फोनच, "पुढच्या धड्यात आजी लोणचं घालते."

बाईंनी फोन घेऊन पंजाखाली दाबला. बोटांच्या फटीतून आवाज येतच राहिला. त्या ॲप काढायला लागल्या तसे उमाजीराव घाईने म्हणाले, "तारा, नक्को. तेवढाच राहिलाय तुझा."

बाईंनी त्यांच्याकडे पाहिलं, मग नातीकडे. आणि काढून टाकलं. शर्वरीची बोटं धरून त्यांनी आपल्या तळव्यावरून फिरवली. शिडीच्या गजांनी पडलेले घट्टे अजून तिथेच होते.

मी खाली आले. आमच्या नव्या तेलुगू सूनबाईने आजपासूनच फोनवर मराठी शिकायला घेतलं होतं.

"अहो, चहा घ्या," आमच्या घरातून आवाज आला.

मी वर पाहिलं. कठड्याशी तारामतीबाई उभ्या होत्या, रुमालावर हात ठेवून.

"शाब्बास, बाळा," आतून त्याच म्हणाल्या.