वसंतरावांची पोटगी

मी माझ्या नवऱ्याला पोटगी देत होते.

बरोबर वाचलंत. मी, त्यांना.

आज पहाटे ते गेले. म्हणून लिहिते आहे.

वसंतराव भिवंडीजवळच्या शेलार गावचे. भिवंडीत एका यंत्रमागाच्या कारखान्यात जॉबर होते, म्हणजे बंद पडलेला लूम चालू करून देणारा माणूस. मी नगरपालिकेच्या शाळेत बाई. लग्नानंतरची चार-पाच वर्षं खरंच चांगली गेली.

मग एका शिफ्टला त्यांचा उजवा हात लूमच्या पट्ट्यात गेला. चार बोटं गेली.

मालकाने एक पगार दिला आणि विषय संपवला.

ते घरी बसले. घरी बसलेल्या माणसाला बायकोची ड्युटी डोळ्यांत खुपते. उशीर का झाला, कोण भेटलं, कोणाशी हसत होतीस. एकदा शाळेत परीक्षा होती आणि ते मी घरात असताना बाहेरून कडी लावून निघून गेले. शेजारणीने दार उघडलं.

त्या दिवशी मी पेपर घेतले, आणि संध्याकाळी घरी न जाता टेमघरला मैत्रिणीकडे गेले. पुढे तिथेच खोली घेतली.

डिव्होर्सची केस मी ठाण्याच्या कोर्टात टाकली. ८७-८८ ची गोष्ट.

दोन महिन्यांनी त्यांचा अर्ज आला. भावाने वकील करून दिला होता.

नवऱ्याला बायकोकडून पोटगी हवी.

शाळेत बातमी पसरली. स्टाफरूममध्ये मी आत आले की बोलणं थांबायचं.

मी वकीलबाईंना म्हटलं, "त्यांनी मला कोंडलं आणि वर मीच पैसे द्यायचे?"

त्या शांतपणे म्हणाल्या, "सुनंदाबाई, ही शिक्षा नाही. आपल्या कायद्यात दोघांपैकी कोणीही मागू शकतं. कोर्ट दोघांची कमाई बघतं, वागणूकही बघतं. ज्याला जगायला साधन नाही, त्याला दुसऱ्याने हातभार लावायचा. आणि हे कायमचं कोरलेलं नसतं. परिस्थिती बदलली की ऑर्डर बदलून मागता येते."

तारखेला जजसाहेबांनी त्यांना विचारलं, "तुम्ही काम का करत नाही?"

त्यांनी उजवा हात वर केला.

 

डिव्होर्स मिळाला. पोटगीची ऑर्डरही झाली. माझ्या पगाराला झेपेल एवढी, पण दर महिन्याला.

मी मनीऑर्डर करायचे. पोचपावती परत यायची. तिच्यावर डाव्या अंगठ्याचा ठसा.

सातवी शिकलेला माणूस अंगठा लावतोय, हे बघून मला राग यायचा. कशाचा, ते तेव्हा कळत नव्हतं.

सात-आठ महिन्यांनी पावतीवर ठशाऐवजी अक्षरं आली. वेडीवाकडी, पहिलीतल्या पोरासारखी.

डाव्या हाताने.

मी शेवटी शिक्षिका. राहवलं नाही. पुढच्या फॉर्मवर संदेशाची जागा असते, तिथे लिहिलं, "अनुस्वार स वर द्या. त वर नको."

पुढच्या पावतीवर अनुस्वार स वर होता.

मग लिहिलं, "व चं पोट गोल काढा."

तेही झालं.

दोन वर्षं आमच्यात एवढंच बोलणं. पण मी पावतीची वाट बघायला लागले होते, हे आज कबूल करते.

आणि मग कोर्टाची नोटीस आली. त्यांचा नवीन अर्ज.

मला वाटलं, रक्कम वाढवून मागितली असणार. मैत्रीण म्हणाली, "बघ, एकदा दिलं की हे असंच होतं."

कोर्टात ते एकटेच उभे होते. इस्त्रीचा शर्ट, खिशाला पेन.

साहेब म्हणाले, "वकील कुठे आहेत?"

"न्हाय साहेब. अर्ज मीच लिवलाय."

"काय मागणी आहे?"

"मला काम लागलंय. पडघ्याला गोदामाच्या गेटवर हाय. ट्रकचे नंबर, माल, टाइम, सगळं लिवून ठेवतो. आता बाईंचे पैसे बंद करा."

साहेबांनी चष्मा काढला. कागद वकीलबाईंकडे दिला, त्यांनी माझ्याकडे.

दोन पानं. प्रत्येक ओळ सरळ. एका ठिकाणी 'पत्नी' लिहून खोडलं होतं आणि वर माझं नाव लिहिलं होतं.

साहेबांनी विचारलं, "तुमची हरकत?"

"नाही," मी म्हटलं. 

बाहेर आल्यावर दोघांना भिवंडीचीच एसटी धरायची होती. स्टँडवर त्यांनी दोन चहा सांगितले आणि पैसे स्वतः दिले.

खाली बघत म्हणाले, "त्या दिवशी कडी लावली, ते लय चुकलं माझं."

"हो. चुकलंच."

"हात गेला तवा वाटलं, आता तूबी जाशील. आन् मीच तुला घालवली."

मी चहा संपवला. एसटीत आम्ही शेजारी बसलो.

नंतर बरेच जण म्हणाले, आता पुन्हा एकत्र या. आम्हा दोघांनाही तसं वाटलं नाही. मला माझी खोली आवडत होती, त्यांना त्यांची नोकरी. मी त्या वर्षी बाहेरून बीएचा फॉर्म भरला. पुढे मुख्याध्यापिका होऊन रिटायर झाले. ते गोदामात सुपरवायझर झाले. दिवाळीला फोन व्हायचा. "बरी हाय का?" "बरी आहे. तुम्ही?" एवढाच.

आज सकाळी शेलारला गेले. दारात पाय अडखळला. कोणत्या नात्याने आत जायचं?

त्यांच्या भावजयीने मला पाहिलं, सरकली आणि शेजारी जागा केली.

कोणीतरी हळूच विचारलं, "ह्या कोण?"

ती म्हणाली, "आमच्या घरच्याच हायत."

वसंतराव, निवांत जा. माझ्या मनात तुमच्याबद्दल कडू काही उरलेलं नाही.

तुमची सुनंदा.