बारा चिंचोके

उन्हाळी शिबिरातलं काम म्हणजे लेकरं सांभाळणं, एवढंच मला वाटलं होतं. शाळेतल्या बाई सुट्टीत माहेरी गेल्या होत्या आणि शिबिर घेणाऱ्या संस्थेच्या सरांना एक बाईमाणूस हवं होतं, नाहीतर आयांनी पोरी पाठवल्या नसत्या. मी चौथी शिकलेली, चारचौघांत तोंड न उघडणारी. तरी त्यांनी मलाच विचारलं. न बोलणारी बाई त्यांना सोयीची होती, हे मला नंतर कळलं.

सकाळी सात ते अकरा, बारा दिवस, शाळेच्या आवारातल्या कडुलिंबाखाली. लेकरं मला ताई म्हणायची. लगोरी, फुगड्या, मातीची बैलं, गाणी. लेकरांपुढे मला लाज वाटत नव्हती. त्यांच्याशी मी मोठ्यानंही बोलायची.

मला लिहायला वेळ लागतो. रोज अठ्ठावीस नावांची हजेरी लिहायची म्हणजे अर्धा तास जाणार, आणि कुणी वहीत डोकावलं तर माझं अक्षर दिसणार. म्हणून मी माझी रीत काढली. घरच्या चिंचेचे चिंचोके फरशीवर एका बाजूनं घासून पांढरे केले. येईल त्याला रोज एक. घासलेले अशासाठी, की पोरं घरून खिसे भरून आणतील हे मला ठाऊक होतं. दुसऱ्याच दिवशी एकानं आणलेच.

सरांना ही रीत फार आवडली. म्हणाले, "ताई, लेकरांना सांगा, बारा चिंचोके जमवील त्याला टोपी." टोप्यांचं खोकं त्यांनी मला उघडून दाखवलं. पिवळ्या टोप्या, पुढे झडप, कपाळावर संस्थेचं नाव. मी लेकरांना सांगितलं. सरांनी नाही, मी माझ्या तोंडानं सांगितलं.

ओढ्यापलीकडच्या तांड्यावरून एक पोरगी यायची. आठ वर्षांची असेल. तिच्या पायात काही नसायचं. अकराला सुटल्यावर ती सावलीसावलीनं पळत जायची, आणि ओढ्याच्या वाळूत सावली नव्हती. एक दिवस ती धाकट्या भावाला कडेवर घेऊन आली.

"याडी कामाला गेली," ती म्हणाली. याडी म्हणजे तिची आई. "घरी कोणी न्हाई. याला बी एक चिंचोका द्या."

"त्याचं नाव न्हाई ना शिबिरात."

"मंग त्यो उगंच आला व्हय एवढ्या लांब?"

सगळी लेकरं हसली, मीही हसले. चिंचोका काही दिला नाही. नियम म्हणजे नियम, असं मला तेव्हा वाटत होतं.

एका सकाळी तिचं अंग तापलेलं होतं. मी म्हटलं, घरी जा, पड जरा. ती म्हणाली, "आधी चिंचोका द्या." चिंचोका परकराच्या गाठीत बांधून ती लिंबाखाली झोपली. घरी गेली नाही. गेली तर मी तो परत घेईन अशी तिला भीती वाटत असावी.

बाराव्या दिवशी जीपमधून संस्थेचे साहेब आले. लेकरांनी चिंचोके माझ्या ओच्यात टाकले आणि मी एकेकाच्या डोक्यावर टोपी घातली. सगळ्यांचे बारा भरले नव्हते, पण सर कानाशी येऊन म्हणाले, "सगळ्यांना द्या, फोटो भरल्यासारखा दिसला पाहिजे." तिचे बारा होते. तिनं ते मला मोठ्यानं मोजून दाखवले. फोटो निघाला. साहेबांनी दोन शब्द सांगितले, चहा घेतला आणि गेले.

जीपची धूळ खाली बसली नव्हती, तोच सर म्हणाले, "ताई, टोप्या गोळा करा. परवापासून हट्ट्याच्या शाळेत शिबिर हाये, तिथं लागतेत."

मी त्यांच्याकडे पाहत राहिले.

"असं काय बघून राहिल्या? लेकरं हायत, उद्याच्याला विसरतेत."

तुम्हीच तर सांगायला लावलं होतं, हे शब्द माझ्या तोंडात तयार होते. ते बाहेर आले नाहीत. मी खोकं उचललं आणि ओळीनं टोप्या काढत गेले. मोठी पोरं पाय आपटत गेली. एकजण म्हणाला, "ताई लबाड हाय." बरोबरच बोलला.

ती शेवटी उभी होती. दोन्ही हात टोपीवर दाबून.

"माझे बारा भरले व्हते."

"व्हय बाई."

"मंग काहून?"

मी खोकं पुढे धरलं. तिनं स्वतःच टोपी काढली आणि खोक्यात टाकली. हात पुढे केला. "माझे चिंचोके वापस द्या."

ओच्यातून बारा चिंचोके मोजून मी तिच्या हातात ठेवले. सर पाठीमागे लाउडस्पीकरची वायर गुंडाळत होते. त्यांनी वर पाहिलंसुद्धा नाही. त्या माणसाचा राग मला येतो, पण त्याहून जास्त राग माझ्या हातांचा येतो. ते किती शहाण्यासारखे, न चुकता मोजत होते.

आठवड्यानं मी घरातल्या जुन्या पिवळ्या परकराची टोपी शिवली. झडपेत पुठ्ठा घातला. तांड्यावर गेले. पोरगी दारात भावाला खेळवत होती. टोपी तिनं उलटसुलट करून पाहिली.

"ही कवा वापस न्यायची?"

"कवाच न्हाई. तुझीच हाये."

तिनं ती भावाच्या डोक्यावर घातली. त्याच्या नाकापर्यंत आली. "त्यो बी आला व्हता एक दिवस," ती म्हणाली आणि घरात गेली. पुन्हा बाहेर आली नाही. मी पाणीही न मागता परतले.

पुढच्या उन्हाळ्यात सर आमच्या दारात आले. यंदाही या म्हणाले, तांड्यावरची लेकरं तुमचंच ऐकतात, त्यांना घेऊन या.

"मी येत न्हाई," मी दाराआडून म्हटलं.

"काहून? त्या टोपीचा राग हाये का अजून?"

"व्हय."

ते हसले. दोन दिवसांत त्यांना दुसरी बाई मिळाली. ओसरीत बसून मला शाळेकडून टाळ्या ऐकू यायच्या. ‘न्हाई’ हा एक शब्द मला बोलता येत होता, तर तो मी वर्षभर आधी, लिंबाखाली, ती पोरगी समोर उभी असताना का बोलले नाही, याचा राग अजून गेलेला नाही. तो जाऊ नये असंच मला वाटतं.