ताईची पट्टी

माझी थोरली बहीण कपड्यांच्या कारखान्यात इस्त्रीवर होती. सगळं आयुष्य उभ्यानं काढलं. मुकादम "चालतंय" म्हणाला तरी घडी मनासारखी बसेपर्यंत कपडा सोडायची नाही. संध्याकाळी वसाहतीच्या गाण्याच्या मंडळात पहिली ओळ तिची. पट्टी काळी पाच. म्हणजे पेटीची पाचवी काळी पट्टी दाबली की तो तिचा सा. मंडळात सगळे तिला "काळी पाच" म्हणूनच हाक मारत आणि ती ओ द्यायची.

परवा तालमीत वीज गेली. मास्तरांचा कीबोर्ड बंद पडला. कपाटातली भात्याची जुनी पेटी काढली, पुसली. मी ताईला न्यायला येऊन दाराशी बसलो होतो. मास्तरांनी सवयीनं काळी पाच दाबली. ताईनं नेहमीसारखं आधी त्यांचं बोट बघितलं, मग सूर लावला. मधल्या सप्तकात निभावलं. तार सप्तकात गंधाराला गेली आणि आवाज टर्रकन फाटला.

तबलजी हसला. "मास्तर, या पेटीला तुमचं ते बटण नाही हो!"

"कसलं बटण?" ताईनं विचारलं.

तबलजी मास्तरांकडे बघू लागला. शेवटी मास्तर म्हणाले, "कीबोर्डवर सूर खाली उतरवायची सोय असते. बोट काळी पाचवर, पण वाजते पांढरी पाच. तुम्हाला वाईट वाटू नये म्हणून..."

"कधीपासून?"

"झालं असेल वर्ष."

"वर्षभर मी पांढरी पाचमध्ये गातेय आणि तुम्ही मला काळी पाच म्हणताय? मी काय कुकुलं बाळ आहे?"

माझंही डोकं फिरलं. मी लेथवर काम केलं. माप चुकलं की तोंडावर सांगायचे. माझं मन राखायला कुणी मोजपट्टी खोटी केली नाही. वयानं आवाज उतरतो, त्यात लाज कसली? पण पांढरी पाचमध्येही तार गंधार गाठायला दम लागतो. तो तिनं वर्षभर लावला आणि यांनी तो बटणाखाली दडपला. वर आपसात हसले.

मास्तर म्हणाले, "जाऊ द्या ना ताई. कार्यक्रम तोंडावर आलाय. यंदा पहिली ओळ दुसऱ्या कुणाला देऊ. तुम्ही मागे राहून साथ द्या."

"मागे?" ताई सरळ पेटीपाशी जाऊन बसली. "भाता मारा."

स्वतःच पट्ट्या दाबत ती खाली येत गेली. पांढरी सहा. गंधार चिरकला. काळी चार. लागला, पण थरथरला. पांढरी पाच. इथं मात्र गंधार लागला आणि दम संपेपर्यंत तिनं तो सोडला नाही.

"हा माझा सा. नाव घ्या त्याचं. मोठ्यानं."

"पांढरी पाच," मास्तर म्हणाले.

"आणि पहिली ओळ?"

भाता थांबला होता. मास्तरांनी सगळ्यांकडे बघितलं. "तुमची."

"मग धरा सूर."

मध्येच वीज आली. मास्तर कीबोर्डकडे वळले, तशी ताईनं पेटी पुन्हा त्यांच्यापुढं सरकवली.

निघताना तबलजी म्हणाला, "येतो हं, काळी पाच."

ताईनं चपला घातल्या आणि चालू लागली. ओ दिली नाही.