डावीकडचा स्पीकर

हॉस्टेलच्या खोलीसाठी स्पीकर घ्यायचे असं आमचं ठरलं, तेव्हा दोघींची कारणं निरनिराळी होती. माझ्या रूममेटला गाणी ऐकायची होती. मला माझा डावा कान गेलाय हे कुणाला कळू द्यायचं नव्हतं.

आमचं कॉलेज अवसरीला, मंचरजवळ. रूममेट जुन्नरची. तिथल्या बाजारपेठेत तिच्या अब्बूंचं बांगड्यांचं दुकान आहे, त्यामुळे दुकानदाराशी कसं बोलायचं हे तिला शिकावं लागलं नाही. मी आणे पठारावरची, नगर जिल्ह्याच्या शिवेवरची. म्हणजे तालुका एकच, जुन्नर, पण ती मला येताजाता चिडवते, "तुमचं आणं म्हणजे अर्धं नगरच की." मी चिडते, ती हसते आणि माझ्या डब्यातली शेंगदाण्याची चटणी संपवते. असं आमचं बरं चाललेलं असतं.

दिवाळीची सुट्टी संपवून मी हॉस्टेलला परत आले, लॅपटॉपवर लेक्चरचा व्हिडिओ लावला, तर सगळा आवाज उजवीकडूनच. डावीकडं ठार शांतता. मला तेव्हा सर्दी होती. म्हटलं, कान बंद झाला असेल, सर्दीबरोबर जाईल. सर्दी गेली. आवाज काही डावीकडं आला नाही.

दुसरी कुणी असती तर म्हणाली असती, लॅपटॉप बिघडला. मी तसं म्हणू शकत नव्हते, कारण आमच्या घरात हे आधी एकदा होऊन गेलंय. माझ्या वडिलांना, आण्णांना, डाव्या कानानं ऐकू येत नाही. त्यांच्या वडिलांनाही येत नव्हतं आणि आत्यालाही नाही. आण्णांचं कसं सुरू झालं ती गोष्ट आमच्याकडं पाव्हणेरावळे आले की हमखास निघते. त्यांच्याकडं दोन स्पीकरचा टेप होता. एक दिवस त्यातला डावा स्पीकर वाजेनासा झाला. आण्णांनी टेप पिशवीत घातला, एसटीनं नारायणगावला नेला आणि मेकॅनिकपुढं ठेवला. तो म्हणाला, "टेप ठणठणीत हाय, भाऊ. कान दाखवा." एवढं सांगून आण्णा स्वतःच मोठ्यानं हसतात. मीही लहानपणापासून हसत आलेय. पण त्या दिवशी हॉस्टेलच्या खोलीत ती गोष्ट आठवली आणि मला हसू आलं नाही.

मग मी तपासण्या सुरू केल्या. कानाजवळ केसांची बट चिमटीत धरून चोळायची. उजवीकडं खसखस यायची, डावीकडंही यायची, पण जरा कमी. की मला तसं वाटायचं? फोन डाव्या कानाला लावला की आईचा आवाज लांबून यायचा. आता पठारावर रेंजच एवढी की तो उजव्या कानालाही लांबूनच येतो, पण घाबरलेल्या माणसाला हे सुचत नाही. इयरफोन लावून बघावे, तर ते माझ्याकडं नव्हतेच. आईचा कडक नियम. आमच्या घरात कान जपायचे, त्यात काही घालायचं नाही. आणि रूममेटची कॉट माझ्या डाव्या हाताला. ती तोंडात चिवडा भरून बोलणार, मी "काय?" म्हणणार, आणि ती ओरडणार, "बहिरी झालीस का गं?" मी दात काढून हसायचे. रात्री मात्र पांघरुणात पुन्हा केस चोळून बघायचे.

मी घाबरले होते, हे सरळच सांगते. आण्णांचं मी रोज बघितलंय. लग्नात चारजण गप्पा मारत बसले की सगळे हसतात, मग आण्णा त्यांच्या तोंडांकडं बघतात आणि मागून हसतात. रस्त्यात कुणी डावीकडून हाक मारली तर ते तसेच पुढं जातात आणि माणसं म्हणतात, लई माजलाय. घरात आम्ही सगळे त्यांच्या उजव्या अंगाला बसतो. डावीकडची जागा रिकामीच असते. माझ्याही डावीकडची जागा अशीच रिकामी राहणार, एवढंच माझ्या डोक्यात फिरत होतं. डॉक्टरकडं का नाही गेलीस, असं पुढं सगळ्यांनी विचारलं. अहो, डॉक्टरनं हो म्हटलं असतं तर? न विचारलेलं बरं होतं.

म्हणून स्पीकर. चांगले दणदणीत घ्यायचे, टेबलाच्या उजव्या कडेला ठेवायचे, म्हणजे लेक्चर नीट ऐकू येईल आणि कुणाला संशयही येणार नाही. मी विषय काढल्याबरोबर रूममेटनं उडीच मारली. "बेस पाहिजे पण," ती म्हणाली.

रविवारी आम्ही मंचरला गेलो. तिच्या सांगण्यावरून मी लॅपटॉप पाठीवरच्या सॅकमध्ये घेतला होता, कारण तिच्या मते आपल्या मशीनला लावून बघितल्याशिवाय वस्तू घेणं म्हणजे हातात न चढवता बांगडी घेणं. एसटी स्टँडजवळ एक दुकान आहे. मिक्सर, पंखे, मोबाईलची कव्हरं, सगळं एकत्र. तिथले शेठ घराण्यानं राजस्थानातले जैन, पण बोलायला आमच्याहून अस्सल मंचरचे. स्पीकर म्हटल्यावर त्यांनी आधी कमरेएवढा उंच खांब पुढं केला. त्यात निळेहिरवे दिवे लागत होते.

"ताई, हा घ्या. लई वाजतो. वरातीला लावा, गणपतीला लावा."

"शेठ, आमची खोली आहे खोली," रूममेट म्हणाली. "ह्याला आत ठेवला तर आम्ही व्हरांड्यात झोपायचं का?"

मग आला ब्लूटूथचा गोल डबा, मुठीएवढा. तो मला बघताक्षणी आवडला. एकच डबा, एकच बाजू. ह्याला डावं नाही आणि उजवं नाही. माझ्यासाठीच केल्यासारखा. मी म्हटलं, "हाच घेऊ."

"हा? ह्याच्यात गाणं डबक्यात पडल्यासारखं वाटतं. दोन पाहिजेत. एकीकडून तबला, एकीकडून बासरी."

"मला काय करायचीय बासरी?"

"मग बहिऱ्यावानी एकाच बाजूनं ऐकणार का?"

ती सहज बोलली. मी एवढी फणकारले की शेठसुद्धा दचकले. "तुला काय अक्कल आहे गं? दिसला स्पीकर की घाल बेस," असं काहीतरी बोलून मी पंख्यांकडं तोंड फिरवून उभी राहिले. मग शेठनी खाली ठेवायचा मोठा वूफर लावला आणि काउंटरची काच थरथरायला लागली. आमच्या रेक्टर मॅडमचा चेहरा दोघींच्याही डोळ्यांपुढं एकाच वेळी आला असावा, कारण आम्ही एकदमच "नको" म्हणालो आणि भांडण तिथंच मिटलं.

शेवटी शेठनी एक लहान जोडी काढली. काळी, साधी, पेल्याएवढ्या उंचीची. लॅपटॉपमधूनच वीज घेणारी, म्हणजे खोलीतल्या एकुलत्या एका प्लगवरून मारामारी नाही. "तुमच्याच लॅपटॉपला लावून बघा," म्हणत त्यांनी वायर जोडली, एक स्पीकर डाव्या हाताला ठेवला, एक उजव्या हाताला. रूममेटनं गाणं लावलं.

उजवा वाजला. डाव्यातून काहीच नाही.

मला हे माहीत होतं, तरी डोळ्यांत पाणी यायचंच राहिलं. पण मी तयारीत होते. मान डोलवली, जरा जास्तच, आणि म्हटलं, "वा! मस्त आहेत. दोन्हीकडून कसला भारी आवाज येतोय!"

रूममेटनं डाव्या स्पीकरवर टिचकी मारली.

"दोन्हीकडून? अगं येडे, डावा बंद आहे."

"काय?"

"डावा वाजतच नाहीये."

"तुला नाही येत ऐकू? डावीकडून?"

"मला कसं येईल? तो बंदच आहे म्हटलं ना!"

मी शेठचा हातच धरायची बाकी होते. "शेठ, तुम्हाला येतंय का? खरं सांगा. डाव्यातनं येतंय का काही?"

शेठना ते लागलं. "असं कसं व्हईल, आमचा माल चेक केलेला असतो," म्हणत ते काउंटरवर ओणवे झाले आणि त्या स्पीकरला कान लावला. ते वर उठले, चष्मा नीट केला आणि पडल्या आवाजात म्हणाले, "नाय वाजत."

नाय वाजत! आजवर एवढं गोड माझ्याशी कुणी बोललं नव्हतं. मागं मिक्सरचा खोका होता, त्यावर मी बसले आणि सरळ रडायला लागले. रविवारच्या बाजाराची वेळ, दुकानात गिऱ्हाईक, आणि मी हुंदके देतेय.

"ताई, आवो ताई, रडू नका," शेठ गडबडले. "दुसरा पीस देतो. नवाकोरा देतो. एवढ्यासाठी कुणी रडतं का, राव?"

दुसरा पीस आला. त्याचाही डावा मुका. शेठ आता खरोखर चिडले. त्यांनी आवाजाची वायर उपटून आपल्या मोबाईलला लावली आणि दोन्ही स्पीकर खणखणीत वाजायला लागले. मी उठले. उजव्या कानात बोट घातलं आणि डावा कान डाव्या स्पीकरपाशी नेला. आवाज आला. भरभरून आला. मी कान तिथंच ठेवून उभी राहिले. दुकानातली माणसं बघत होती, बघू देत. मला वाटतं तेव्हा मी हसतही होते आणि नाकही पुसत होते.

तोवर रूममेट लॅपटॉपमध्ये शिरली होती. आवाजाच्या सेटिंगमध्ये डाव्या-उजव्याच्या दोन वेगळ्या पट्ट्या असतात. उजवी शंभरावर होती आणि डावी शून्यावर. "हे कुणी केलंय?" तिनं विचारलं आणि डावी पट्टी वर ओढली. दुसऱ्या क्षणी लॅपटॉपवरचं गाणं दोन्हीकडून आलं.

खरं तर आता स्पीकर घ्यायची गरजच उरली नव्हती. लॅपटॉपचे स्वतःचे चांगले होते. पण शेठना एवढा घाम फोडल्यावर तसंच निघायचं म्हणजे वाईट दिसलं असतं, आणि मला त्या घडीला अख्खं दुकान घ्यावंसं वाटत होतं. ती लहान जोडीच घेतली. रूममेटनं घासाघीस करून वर माउस ठेवायचं पॅड फुकट उकळलं.

बाहेर येऊन चहा घेताना मी तिला सगळं सांगितलं. तिला माझी कीव येईल असं वाटलं होतं, ती भडकलीच. "इतके दिवस माझ्या शेजारी झोपून एकटी भीत होतीस? गाढवे, मला डावीकडून हाक मारायला सांगितली असतीस तरी कळलं असतं!" मग तिनं मला जवळ ओढलं. बिचारीला ते बहिऱ्याचं बोलणं आठवलं असणार.

लॅपटॉपला माझ्याशिवाय फक्त आण्णांनी हात लावला होता. दिवाळीत त्यावर ते कांद्याचे आणि ठिबकचे व्हिडिओ बघायचे. मी घरी फोन लावला. आईनं उचलला आणि नेहमीसारखा आण्णांच्या उजव्या कानाला धरला.

"आण्णा, लॅपटॉपचा डावीकडचा आवाज तुमी बंद केला व्हता का?"

"व्हय, मीच केला," ते अभिमानानं म्हणाले. "दोन पट्ट्या दिसल्या. म्हटलं, ह्या तर आपल्या ठिबकच्या लायनी. टाकीत पाणी कमी असलं म्हंजी एका लायनीचा कॉक बंद करायचा, दुसरीला प्रेशर येतं. डाव्या कानाला पाजून काय उपेग? तिकडचा कॉक बंद केला, सगळं उजवीकडं सोडलं."

"मग वाढला का आवाज?"

"वाढल्यावानी वाटला की."

मी फुटपाथवर उभी राहून खोखो हसले. आमच्या पठारावर पाण्याचा थेंब वाया जाऊ देत नाहीत, तिथं आवाज कसा जाऊ देतील! हसता हसता मी बोलून गेले, की आण्णा, मला वाटलं माझाच कान गेला, तुमच्यासारखा.

पलीकडं नुसती खरखर झाली. मला वाटलं रेंज गेली. मग आई बोलली. फोन तिनं स्वतःकडं घेतला होता.

"काय बोललीस गं त्यांना? खाली बसलेत. तुला म्हाईत न्हाई, तू रांगत व्हतीस तवापासनं तुझ्या डाव्या अंगानं चुटकी वाजवून बघायचे. तू वळलीस की मंग जेवाय बसायचे. परवा दिवाळीत पण तू भांडी घासत व्हतीस तवा मागनं हळूच हाक मारली, तू व्हय म्हणलीस, तवा गेले रानात."

मी फोन डाव्या कानाला लावला. तेवढ्यात फोनवर आण्णांचा श्वास ऐकू आला.

"आता दोनी कडनं येतंय ना, बाय?"

"येतंय, आण्णा. दोन्ही कानांनी."

"आं?"

"दोन्ही कानांनी येतंय!" मी ओरडले. रस्त्यावरचे लोक वळून बघायला लागले.

मागून आई म्हणाली, "आवो, पयल्यांदाच ऐकलं की तुमी. मान हलवली न्हवं का?"

"ऐकलं," आण्णा म्हणाले. "पर बोलू दे तिला पुन्यांदा."