दसऱ्याचे दोन बल्ब

नवरात्रात आमच्या गाडीचा उजवा दिवा गेला. डावा होता, पण पिवळट, मिणमिणता. "एक डोळा आंधळा, दुसऱ्यात मोतीबिंदू," असं आमचे हे म्हणाले आणि स्वतःच्याच विनोदावर हसून मोकळे झाले. स्कूटरवरून पडून त्यांचा उजवा हात प्लास्टरमध्ये होता, त्यामुळे देवळाली प्रवरातल्या आमच्या घरात गाडी चालवणारी तेव्हा मी एकटीच. तीही दिवसाउजेडी. शाळा, बाजार, सासूबाईंचा दवाखाना. दिवस मावळला की चावी खुंटीवर.

पण दसऱ्याला संध्याकाळी आबांना सोनं द्यायला जायचं, हा माझा लग्नापासूनचा नेम. आबा म्हणजे माझे वडील. ते संगमनेरच्या पुढे गावात राहतात. आपट्याची पानं आमच्याकडे दिवस मावळल्यावरच देतात, त्यामुळे अंधारात जाणं आलंच. दरवर्षी हे गाडी चालवायचे आणि मी शेजारी बसायचे. "यंदा फोनवरूनच सोनं दे," असं हे म्हणाले आणि माझं डोकंच फिरलं. कारण यंदा मला आबांच्या अंगणात स्वतः गाडी घेऊन शिरायचं होतं, दोन्ही दिवे लावून. त्यांनी बघावं म्हणून.

आबा साखर कारखान्याच्या जीपवर ड्रायव्हर होते. माझ्या दोन्ही भावांना त्यांनी मिसरूड फुटायच्या आत जीप शिकवली. मी हट्ट धरला तेव्हा म्हणाले, "तुला काय करायचंय? तू बॅटरी धर." बॅटरी म्हणजे हातातली, सेलवाली. ते बॉनेटखाली वाकून काम करायचे आणि मी उजेड दाखवायचे. भाऊ कंटाळून पळायचे, मी तासन्‌तास उभी. जरा हात हलला की ओरडायचे, "हलवू नकं गं!" मी लायसन काढल्याचं फोनवर सांगितलं, तेव्हाही नुसतं "व्हय का" म्हणाले आणि तिकडं पाऊस झाला का ते विचारलं. मला ते लागलं होतं. खूप लागलं होतं.

दोन नवे बल्ब मी आदल्या दिवशी राहुरीतून आणले. पण गॅरेजच्या मिस्त्रींनी हातच जोडले. "ताई, खंडेनवमी हाय आज. हत्यारं पूजेला बसली. आता दसरा झाल्याबिगर पान्याला हात न्हाई लावायचा." वाद घालण्यात अर्थ नव्हता. आमच्या घरीही पक्कड, स्क्रूड्रायव्हर, विळी सगळं पाटावर चढलं होतं. परत येताना मी ठरवून टाकलं, आपणच बदलायचे. आबा बल्ब बदलायचे ते मी इतक्यांदा पाहिलं होतं, आणि त्याला हत्यार लागतच नाही! घरी जाहीर केलं तर हे म्हणाले, "दोन्ही लागले तर चावी तुझी. मी एक शब्द बोलणार नाही." हा माणूस, आणि बोलणार नाही!

दसऱ्याच्या दुपारी पुरणपोळीने सगळे सुस्तावले तशी मी पदर खोचून उठले. बल्बचं खोकं उचललं तर हाताला हलकं लागलं. उघडून पाहते तो आत काहीच नाही. दोन्ही बल्ब देवासमोरच्या पाटावर होते, पक्कड आणि विळीच्या मधोमध, आणि प्रत्येकाच्या काचेवर हळदीकुंकवाचं ठसठशीत बोट.

"आई!" माझा आवाज गल्लीच्या टोकापर्यंत गेला असणार. "काचेला हात लावायचा नसतो! खोक्यावर चित्र आहे, हातावर फुली मारलेलं!" कारणही मी ओरडूनच सांगितलं. हे बल्ब भयंकर तापतात. काचेवर बोटाचा तेलकट डाग राहिला तरी बल्ब उडू शकतो. इथे तर हळद होती, कुंकू होतं आणि ते नीट चिकटावं म्हणून आधी तेलाचं बोट ओढलेलं होतं.

सासूबाई गांगरल्या. "नवी वस्तू हाय, म्हून लावलं गं. तू अंधारात एकलीच जानार..."

पुसावं लागणार होतं, तेही स्पिरिटने. त्यांच्या इन्सुलिनच्या डब्यात बाटली असते, ती मी आणली, कापूस भिजवला आणि थबकले. सणाचा दिवस, पुजलेली वस्तू, आणि लावलेलं कुंकू पुसायचं? मी शाळेत विज्ञान शिकवते. तरी हात पुढे होईना. सासूबाईंनी माझ्याकडे पाहिलं आणि कापूस माझ्या हातातून काढून घेतला.

"आन इकडं. मी पुसते. माझं काय जायाचंय आता."

सासऱ्यांना जाऊन तेव्हा बारा वर्षं झाली होती. बल्ब खालच्या धातूला धरून त्यांनी दोन्ही काचा लख्ख पुसल्या. मला ओरडल्याची लाज वाटली, आणि ते मी त्यांना सांगितलं. "लाग कामाला, ऊन उतरलं," एवढंच त्या म्हणाल्या.

हे खुर्ची टाकून बसले आणि सूचनांचा पट्टा सुरू झाला. मी एकही ऐकली नाही. दिव्याच्या मागचं वायरचं कनेक्टर ओढून काढलं, मग रबराची टोपी, मग तारेची क्लिप दाबून बाजूला केली, आणि जुना बल्ब बाहेर! उजवा नवा बल्ब पाच मिनिटांत बसला. मी अंगणातच एक गिरकी घेतली. डावीकडे मात्र जागा फार चिंचोळी. मी सणाच्या हिरव्या बांगड्या कोपरापर्यंत सरकवल्या आणि हात आत घातला. दिसत काहीच नव्हतं. बल्बच्या चकतीला तीन कान असतात, ते खाचांत बसायला हवेत, आणि हे सगळं बोटांनी चाचपून. क्लिप तीनदा सटकली. चौथ्यांदा बसली.

चावी फिरवली, दिवे लावले आणि ओरडले, "दिसतंय का?"

"दोन्ही," हे समोरून म्हणाले, जरा नाराजीनेच. खुंटीवरची दुसरी चावीही मी पर्समध्ये टाकली, उगाच त्यांचा विचार बदलायला नको म्हणून. सासूबाई करंडा घेऊन आल्या आणि त्यांनी विचारून विचारून बॉनेटला कुंकू लावलं.

लोणीच्या पुढे अंधार पडला. आयुष्यात पहिल्यांदा मी अंधारात गाडी चालवत होते, आणि समोरचा रस्ता मी बसवलेल्या दिव्यांनी उजळत होता! समोरून येणारा प्रत्येकजण दिव्यांची उघडझाप करून मला डिपर देत होता. सणाला लोक किती खुशीत आहेत, असं वाटून मीही प्रत्येकाला डिपर दिला.

आबा ओट्यावरच बसले होते. मी गाडी अंगणात आणली आणि दिवे चालूच ठेवून उतरले. त्यांनी आधी शेजारच्या सीटकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"एकलीच?"

"एकटीच."

"दिवं कुनी बसवलं?"

"मी."

मी सोनं दिलं, पाया पडले. त्यांनी पानं खिशात ठेवली आणि गोठ्याच्या भिंतीकडे बघत राहिले. उजव्या दिव्याचा उजेड भिंतीवर पडला होता. डाव्याचा पार वर, लिंबाच्या शेंड्यात.

"डावा पाखरं उठवतोय," आबा म्हणाले. "कान खाचंत बसला न्हाई."

तेव्हा मला ते डिपर कळले. सगळ्या रस्त्याने लोक मला शिव्या घालत होते आणि मी त्यांना दसऱ्याच्या शुभेच्छा देत आले होते! मला हसू आलं आणि लगेच रडूही. आबांपुढे नेमकं हेच व्हायला नको होतं. मी दिवे बंद करून बॉनेट उचललं आणि त्यांना जागा द्यायला बाजूला सरकले.

आबा घरात गेले आणि बॅटरी घेऊन आले. तापलेला बल्ब निवेपर्यंत आम्ही दोघं तसेच उभे राहिलो. मग मी सवयीने हात पुढे केला, बॅटरी घ्यायला. त्यांनी ती दिली नाही.

"तू बसव," ते म्हणाले. "मी धरतो."

मी बांगड्या वर सारल्या आणि आत हात घातला. उजेड थरथरत होता. आबांचे हात अलीकडे कापतात. मला खाच दिसेना.

"हलवू नका ना, आबा," मी म्हणाले.

त्यांनी दुसरा हातही बॅटरीला लावला आणि कान खाचेत बसेपर्यंत ती घट्ट धरून ठेवली.